बोटीचं नाव काय?

परवा भाचीच्या लग्नाच्या आदल्या रात्री आम्ही चौघीजणी आहेराची पाकिटं भरायला बसलो होतो. शंभराची नोट आणि वर एक रुपया. नाणं पाकिटातून घरंगळतं, म्हणून मी दरवर्षी बँकेतल्या ओळखीच्या बाईंना मस्का मारून एक रुपयाच्या कोऱ्या नोटा मिळवून ठेवते. धाकट्या पुतणीनं एक नोट उलटी केली आणि विचारलं, ‘‘काकू, मागं हे चित्र कसलं आहे गं? पाण्यात टेबल उभं केल्यासारखं?’’

खरं सांगते, इतकी वर्षं आहेर देतेय, मी ती नोट उलटून कधी बघितली नव्हती. पण आमच्या शेजारच्या वहिनी हातातलं पाकीट खाली ठेवून पटकन म्हणाल्या, ‘‘टेबल नाही गं बाई, रिग आहे ती. सागर सम्राट. समुद्रात तेल काढतात ती. आमचे हे तिकडेच असतात, हायला.’’

मग आम्ही सगळ्यांनी चष्मे सरसावून नोट बघितली. खरंच की! रुपयाच्या नाण्याच्या चित्रामागे समुद्रात पाय रोवून उभं असलेलं ते लोखंडी धूड. ऐंशीच्या दशकातल्या नोटांवर ते होतं आणि २०१५मध्ये सरकारनं एक रुपयाची नोट पुन्हा छापायला घेतली तेव्हाही त्यावर तेच आलं. गृहलक्ष्मीच्या हातून शुभकार्यात जाणाऱ्या नोटेवर समुद्रातली तेलविहीर!

वहिनींचे यजमान वेल्डर आहेत. ओएनजीसीचे कायम नोकर नव्हेत, ठेकेदाराकडचे. गणपती झाले की निघतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. आमच्या चिपळूणच्या आसपास अशी बरीच घरं आहेत. कुणी फिटर, कुणी रंगारी, कुणी क्रेनवर, कुणी खानसामा. घरातली माणसं विचारलं की एवढंच सांगतात, ‘‘बॉम्बे हायला आहेत.’’ जणू ते दादर-ठाण्यासारखं एखादं स्टेशन आहे!

तर हे हाय म्हणजे आहे तरी काय, ते मी वहिनींकडून आणि थोडं वाचून समजून घेतलं. मुंबईपासून अरबी समुद्रात सरळ पश्चिमेला गेलं की साधारण १६० किलोमीटरवर हे क्षेत्र आहे. पाण्याची खोली तिथे ७५ मीटरच्या आसपास, म्हणजे पंचवीस मजली इमारत बुडेल इतकी. त्या तळाखालचा एक खडक आजूबाजूच्यापेक्षा उंचावलेला आहे, म्हणून भूगर्भवाले त्याला ‘हाय’ म्हणतात. आपल्या मराठी कानांना मात्र त्यातला सुस्काराच आधी ऐकू येतो. तळाखाली हजार मीटरहून खोल चुनखडीचे थर आहेत आणि त्यांत तेल आहे. मला वाटायचं, खाली तेलाचं तळं असेल, पंप लावला की झालं. तसं नाही. जाळीदार घावनात नारळाचा रस मुरावा तसं ते खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं. खडकाला भोक पाडलं की आतल्या दाबानं ते वर यायला लागतं. त्याच्याबरोबर वायू येतो, पाणीही येतं, आणि ते सगळं वेगळं करत बसावं लागतं.

या जागेचा सुगावा साठच्या दशकात लागला. आपले तज्ज्ञ आणि एक रशियन जहाज खंबातच्या आखाताच्या बाजूला समुद्राचा तळ तपासत होते, तेव्हा हा उंचवटा ध्यानात आला. मग जपानमध्ये बांधलेली सागर सम्राट ही रिग आली. पाय खाली सोडून तळावर उभी राहायची आणि स्वतःला पाण्याच्या वर उचलून घ्यायची, अशी तिची तऱ्हा. ३१ जानेवारी १९७४ला तिनं खोदायला सुरुवात केली आणि फेब्रुवारीत तेल लागलं. वेळ कोणती होती बघा! आदल्याच वर्षी अरब देशांनी तेलाच्या किमती चढवल्या होत्या, रॉकेलसाठी रांगा लागत होत्या. २१ मे १९७६ला इथलं तेल प्रत्यक्ष निघू लागलं. आजही हे देशातलं सगळ्यात मोठं तेलक्षेत्र आहे. पूर्वीइतकं तेल आता निघत नाही आणि आपल्याला लागणाऱ्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरूनच आणावं लागतं, हेही खरं. पण ऐंशीच्या दशकात या विहिरींनी देशाला हात दिला.

आणि आपल्या स्वयंपाकघरालाही. आमच्या पिढीला आठवत असेल, गॅसचा ‘नंबर लागणं’ ही मुलगा पास होण्याइतकी मोठी बातमी असायची. हायचं तेल आणि वायू समुद्राच्या तळावरून टाकलेल्या पाइपांतून उरणला यायला लागला. तिथल्या प्लॅन्टमध्ये त्यातून आपला सिलिंडरचा गॅस वेगळा काढतात. (त्याला मुळात वासच नसतो म्हणे! गळती कळावी म्हणून तो उग्र वास मुद्दाम मिसळतात.) आज देशाला लागणारा निम्म्याहून अधिक सिलिंडरचा गॅस बाहेरच्या देशांतून येतो, त्यामुळे आपल्या शेगडीवरची ज्योत नेमकी कुठली हे सांगता यायचं नाही. पण आईच्या डोळ्यांतला चुलीचा धूर ज्यानं थोडा लवकर गेला, त्यात हायचा वाटा आहे.

मला सगळ्यात गंमत वाटली ती नावांची. हायच्या आजूबाजूच्या तेलक्षेत्रांची नावं आहेत हिरा, पन्ना, मुक्ता, नीलम, रत्ना! कुणाच्या तरी बायकोच्या दागिन्यांचा डबा उघडावा अशी. आणि वायूचा मोठा साठा मिळाला त्याचं नाव आपल्या वसईचं.

पण त्या डब्यात राहणाऱ्यांचं जगणं काही जडजवाहिराचं नाही. ओएनजीसीच्या कायम माणसांची पाळी चौदा दिवसांची. चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी. जुहूहून हेलिकॉप्टरनं जायचं आणि प्लॅटफॉर्मवर उतरायचं. बारा बारा तासांची ड्यूटी. काडेपेटी, लायटर, दारू यांतलं काहीही बरोबर न्यायचं नाही. जाण्याआधी एक प्रशिक्षण असतं, ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. हेलिकॉप्टरसारख्या डब्यात पट्ट्यानं बांधून बसवतात, तो डबा पाण्याच्या टाकीत सोडतात आणि उलटा करतात. आपण आपला पट्टा सोडायचा, खिडकी ढकलायची आणि बाहेर यायचं. त्यासाठी गोव्यात बेतुल इथे ओएनजीसीचं मोठं केंद्र आहे, २०२४मध्ये त्याचं उद्घाटन झालं. हे नाटक उगीच नाही. जानेवारी २०१८मध्ये जुहूहून निघालेलं हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं आणि पाच अधिकारी व दोन पायलट असे सातही जण गेले. जून २०२२मध्ये पुन्हा एक पडलं, नऊपैकी चौघे गेले.

चौदा-चौदाच्या घरांतल्या बायका सांगतात, नवरा घरी आला की पहिले दोन दिवस पाहुणा असतो आणि पुढचे दोन दिवस इन्स्पेक्टर! हे असं का ठेवलं, तो डबा कुठे गेला, मुलाला ट्यूशन कुणाला विचारून लावली? मुलांना सवय झालेली असते प्रत्येक गोष्ट आईला विचारायची. ते दोघांनाही लागतं. आणि घडी बसते न बसते तोवर बॅग भरायची वेळ येते. एकीनं मला सांगितलं, ‘‘आमच्याकडे दिवाळी तारखेला नसते हो, हे येतील तेव्हा असते.’’

बायका स्वतः का जात नाहीत तिकडे, असं पुतणीनं विचारलंच. कायद्याच्या लेखी तेलविहीर म्हणजे खाण. आणि १९५२च्या खाण कायद्यानं बाईला सकाळी सहाच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर खाणीत काम करायला मनाई होती. आता समुद्रात गेलेली बाई सातच्या आत घरात कशी यायची? २०१९मध्ये सरकारनं त्यात सवलत दिली. जानेवारी २०२२मध्ये तर अलका मित्तल यांच्याकडे ओएनजीसीच्या प्रमुखपदाचा कार्यभार आला, त्या जागेवरच्या त्या पहिल्या बाई. पण आमच्या आळीपर्यंत यातलं काही पोचलेलं नाही. इथे अजून पुरुष समुद्रात आणि बायका फोनजवळ.

वहिनींचं घर तर चौदा-चौदातलंही नाही. ठेकेदाराची माणसं प्लॅटफॉर्मवर राहत नाहीत, ‘बार्ज’वर राहतात. बार्ज म्हणजे पाण्यावर तरंगणारी चाळच म्हणा ना. तिला बहुधा स्वतःचं इंजिन नसतं. टगबोटीनं ओढत न्यायची, कामाच्या जागी आठ-दहा नांगर टाकून उभी करायची. दिवसा प्लॅटफॉर्मवर जाऊन वेल्डिंग, रंग, पाइप बदलणं, रात्री बार्जवर झोपणं. खवळलेल्या समुद्रात ही कामं होत नाहीत, म्हणून हंगाम ऑक्टोबर ते मे. हंगाम संपत आला की सगळ्यांचीच घाई, कारण उरलेलं काम थेट पावसाळ्यानंतर.

आहेराची पाकिटं संपली, सगळ्या झोपायला गेल्या, तेव्हा वहिनींनी पर्समधून एक छोटी डायरी काढली. देवाच्या स्तोत्रांची असते तेवढी. आत एका पानावर इंग्रजी अक्षरांत नावं होती. काही खोडलेली, पुढे तारखा. ‘‘बोटींची नावं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पहिली नऊ वर्षं मी एकदासुद्धा विचारलं नव्हतं, ताई. कुठे आहात? हायला. बस्स. नंतर विचारायला शिकले.’’

ते मे २०२१ साल होतं. तौक्ते वादळ आलं तेव्हा आपण कोकणात पत्रे, माड आणि वीज यांच्या काळजीत होतो, वर करोनाची टाळेबंदी. हायच्या भागात ‘पी-३०५’ नावाचा एक बार्ज उभा होता, त्यावर २६१ माणसं. वादळाची सूचना आधी मिळालेली होती. बऱ्याच बोटी बंदराकडे परतल्या. हा बार्ज तिथेच थांबला. वाऱ्यानं त्याचे नांगर तुटले, तो भरकटत जाऊन एका प्लॅटफॉर्मवर आदळला, भोक पडलं आणि १७ मेच्या संध्याकाळी तो बुडाला. माणसांनी लाइफ जॅकेट घालून त्या अंधारात उड्या टाकल्या आणि रात्र रात्र लाटांवर काढली. नौदलाची जहाजं त्या समुद्रात शिरून एकेकाला वेचत होती. ‘वरप्रदा’ नावाची १३ जणांची टगबोटही बुडाली. दोन्ही मिळून २७४ जण. वाचले १८८.

टीव्हीवर दिवसभर एकच नाव चाललेलं, पी-३०५, पी-३०५. आणि वहिनींना माहीतच नव्हतं की आपला नवरा कुठल्या बार्जवर आहे!

‘‘ती माझी सगळ्यात मोठी शिक्षा होती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माणूस बुडालाय की नाही हे नाही कळलं तर समजू शकते. पण तो त्या बोटीवर होता की नव्हता, एवढंही मला सांगता येईना. दीर विचारतायत, सासूबाई विचारतायत, बोटीचं नाव काय? मला येईना.’’ ज्या माणसानं कामाला नेलं होतं त्याचा फोन बंद. ठेकेदाराचं नाव माहीत होतं, पण त्याच्या वरची कंपनी कुठली, ते नाही. हेल्पलाइनवर पहिला प्रश्न तोच, बोटीचं नाव काय? त्यांनी दोन दिवस आणि दोन रात्री टीव्हीसमोर काढल्या. पडद्यावर वाचलेली माणसं जहाजावरून उतरताना दिसायची, अंगावर ब्लँकेट, सगळ्यांचे चेहरे काळवंडलेले. प्रत्येकात त्या ‘ह्यांना’ शोधायच्या.

तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी फोनवरून त्यांचा फोन आला. त्यांची बोट वादळाआधीच मुंबईला परतली होती. मोबाइल पाण्यात भिजून बंद पडलेला. ‘‘तुला कशाला काळजी? आमची बोट वेगळी,’’ असं ते म्हणाले म्हणे! वहिनी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यावर ओरडल्या. मग रडल्या. आणि मग ते नाव त्यांनी डायरीत उतरवून घेतलं, स्पेलिंग विचारून.

ज्यांच्या घरी असा फोन आला नाही, त्यांचं काय झालं ते आपण पेपरात वाचलं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नातेवाईक थांबलेले, टाळेबंदीत पास काढून आलेले. काही देह रायगडच्या किनाऱ्याला लागले, काही थेट गुजरातेत. चेहरे ओळखण्यापलीकडे, म्हणून डीएनए तपासणी. त्यात बायकोचं रक्त चालत नाही, मैत्रिणींनो. आई, बाप किंवा मूल लागतं. पंचवीस वर्षं त्याच्या डब्याला पोळ्या लाटल्या तरी ओळख पटवायला रक्ताचं माणूस हवं. कायद्याचं, शास्त्राचं म्हणणं बरोबरच आहे. तरी ते वाचून मी पेपर बाजूला ठेवला होता.

हायवरची याआधीची मोठी दुर्घटना २००५ची. २६ जुलै म्हटलं की सगळ्यांना मुंबईचा पूर आठवतो, आम्हा चिपळूणकरांना आमचाही. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला आम्ही घरातला चिखल काढत होतो, तेव्हा समुद्रात ‘समुद्र सुरक्षा’ नावाच्या जहाजावर एका खानसाम्याच्या दोन बोटांची टोकं कापली गेली. आपल्याकडे असं झालं की हळद दाबायची आणि चौकातल्या डॉक्टरकडे जायचं. तिथे डॉक्टर प्लॅटफॉर्मवर, आणि पावसापायी हेलिकॉप्टर बंद. म्हणून जहाजच प्लॅटफॉर्मजवळ नेलं आणि त्याला क्रेननं वर उचलून घेतलं. तेवढ्यात लाटेनं जहाज ढकललं गेलं आणि त्याचा मागचा भाग प्लॅटफॉर्मच्या गॅसच्या उभ्या पाइपावर आदळला. पाइप फुटला, आग लागली. १९८१पासून उभा असलेला तो सगळा प्लॅटफॉर्म दोन तासांच्या आसपास जळून समुद्रात गेला. प्लॅटफॉर्म, शेजारची रिग आणि जहाज मिळून ३८४ माणसं होती, त्यांतली २२ गेली. जळत्या जहाजात सहा पाणबुडे दाबाच्या बंद खोलीत अडकले होते. खोल पाण्यात काम केल्यावर त्यांना एकदम बाहेर काढता येत नाही, शरीरावरचा दाब हळूहळू उतरवावा लागतो. त्यांना दीड दिवसानं सोडवलं.

गॅसचा पाइप जहाज लागण्याच्या बाजूलाच, उघडा होता. जहाज टेकणारच अशा जागी तो तसा का ठेवला, हे मला तरी कळत नाही. स्वयंपाकघरातसुद्धा आपण गॅसची नळी पाय लागेल अशी ठेवत नाही.

त्या रात्री डायरी बघितल्यावर मी ओळखीच्या तीन घरी मुद्दाम विचारून आले. तिघींचे नवरे हायला. दोघींना बोटीचं नाव सांगता आलं नाही. तिसरीनं जे सांगितलं ते ठेकेदाराचं निघालं. म्हणून ज्यांच्या घरचं माणूस समुद्रात, त्यांच्यासाठी वहिनींच्या डायरीत काय काय आहे ते इथे लिहिते. बार्जचं, रिगचं किंवा प्लॅटफॉर्मचं नाव. कामाला नेणाऱ्याचं नाव, ठेकेदाराचं नाव आणि त्याच्यावरच्या मोठ्या कंपनीचं नाव, कारण अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी छोट्या ठेकेदारावर थांबत नाही, ज्याचं काम चाललंय त्या मुख्य मालकापर्यंत कायद्यानं जाते. बरोबर काम करणाऱ्या निदान एका माणसाच्या घरचा नंबर. ओळखपत्राची आणि पासची झेरॉक्स. आणि पीएफचा यूएएन नंबर.

या पीएफचं जरा नीट ऐका. पगारातून कापला जात असेल तर त्याच्याबरोबर एक विमाही असतो, वेगळा हप्ता माणसाला भरावा लागत नाही. नोकरीत असताना मृत्यू झाला तर घरच्यांना त्यातून सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. पण आत नॉमिनी कोण लिहिलाय? पोरगा विसाव्या वर्षी कामाला लागतो, तेव्हा आईचं किंवा भावाचं नाव टाकतो. लग्न झालं की नॉमिनेशन नव्यानं करावं लागतं, हे त्याला कुणी सांगत नाही आणि बायकोनं विचारलं तर अभद्र बोललीस म्हणतात. वहिनींनी विचारलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मुलाला सांगितलं, ‘‘कर बाबा ते काय असेल ते, हिचं नाव घाल.’’

आणि बेपत्ता झालेल्याचं तर विचारूच नका. माणसाचा ठावठिकाणा लागलाच नाही तर तो गेला असं मानायला कायदा एरवी सात वर्षं धरतो. सात वर्षं शाळेच्या फॉर्मवर काय लिहायचं, हळदीकुंकवाला जायचं की नाही, हे त्या बाईनं कुणाला विचारायचं?

यंदा गणपती गेल्यावर वहिनींचे यजमान निघाले. गौरी उठल्या त्या दिवशीच बॅग भरून झाली होती. मी लाडू द्यायला गेले तर ते चपला घालत होते आणि वहिनी दारात डायरी घेऊन उभ्या. ‘‘अहो, नाव.’’

‘‘अगं, मुंबईला गेल्यावर कळेल. आधी न्हाव्याला जायचं, तिथून कुठल्या बोटीवर चढवतात ते बघू.’’

‘‘मग चढलात की फोन करा.’’

‘‘तिथे रेंज नसते.’’

‘‘चढायच्या आधी करा.’’

चार दिवसांनी फोन आला. वहिनी गॅसवर दूध ठेवून होत्या. एका हातानं फोन, दुसऱ्या हातानं पेन्सिल. पेननं नाही लिहीत त्या, हंगामाच्या मध्येच माणसं दुसऱ्या बोटीवर हलवतात म्हणून. त्यांनी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत नाव उतरवून घेतलं, एकदा परत वाचून दाखवलं, आणि तोवर दूध उतू गेलं.